भाड्याने देण्यासाठी फोर्कलिफ्ट कोणत्या कंपनीची घ्यावी?

प्रश्न – भोसरी_वर्कशॉप
भोसरी एमआयडीसीत आमचा फोर्कलिफ्ट दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. आता तीन टनी यंत्रे भाड्याने द्यावीत आणि जमल्यास पुढे एखाद्या कंपनीची डीलरशिपही घ्यावी, असा विचार आहे. गोदरेज, कियॉन, टोयोटा, एसीई या कंपन्या आणि हांगचा, हेली यांसारख्या चिनी कंपन्या समोर आहेत. किमतींत बरीच तफावत असल्याने निर्णय होत नाही. चाकण-तळेगावचे ग्राहक नेमके काय पाहतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – चाकण_रेंटल
विक्री आणि भाडे यांचे निर्णय वेगवेगळे घ्यावेत. विकलेले यंत्र बंद पडले, तर कामाचा खोळंबा ग्राहकाचा असतो. भाड्याचे यंत्र उभे राहिले की भाडे थांबते आणि बदली यंत्र ट्रेलरवर घालून पाठवण्याचा खर्चही आपल्याच खिशातून जातो. त्यामुळे हायड्रॉलिकचे सील, मास्टच्या (माल वर नेणाऱ्या उभ्या चौकटीच्या) साखळ्या, ब्रेकचे भाग पुण्यात त्याच दिवशी मिळतात का, हे मी किमतीच्या आधी पाहतो. या कसोटीवर माझा कौल गोदरेज आणि कियॉन यांना आहे. व्होल्टासचा फोर्कलिफ्ट व्यवसाय २०११ मध्ये कियॉन समूहाकडे वळला, तरी जुनी व्होल्टास यंत्रे कारखान्यांत आजही दिसतात आणि ती उघडून जोडणारे मिस्त्रीही इथे आहेत. टोयोटाबद्दल तक्रार नाही, पण गुंतवणूक वाढते आणि तीन टनी डिझेलला बाजार त्या प्रमाणात जास्त भाडे देत नाही. चिनी यंत्रे सरसकट वाईट नाहीत; मात्र आयातदार बदलला तर सुटे भाग कोण देणार, याचे लेखी उत्तर आधी मिळवावे. काहीही घेतले तरी एकाच मॉडेलची यंत्रे घ्यावीत, म्हणजे फिल्टर आणि सील यांचा एकच साठा पुरतो.

उत्तर – स्टोअर्स_रांजणगाव
ग्राहकाच्या बाजूने सांगतो. आमच्या मागणीपत्रात कंपनीचे नाव क्वचितच असते; मास्टची उंची, वार्षिक तपासणीचा दाखला आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण यांची चौकशी आधी होते. तीन टनी म्हणजे बहुधा ५०० मिमी लोड सेंटरवर तीन टन; लोड सेंटर म्हणजे फोर्कच्या (मालाखाली जाणाऱ्या पात्यांच्या) मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचे अंतर. पेटी लांब असली किंवा साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) बसवला की क्षमता घटते, आणि हे न सांगणाऱ्या पुरवठादाराला आम्ही पुन्हा बोलावत नाही. कंटेनर भरायचा असेल, तर फुल फ्री लिफ्ट मास्ट (स्वतः उंच न होता आधी फोर्क वर नेणारा) लागतो, नाहीतर माल थोडा उचलताच मास्ट छताला टेकतो.

प्रश्नकर्ता – भोसरी_वर्कशॉप
दोघांचेही आभार. सुरुवात डिझेल यंत्रांनीच करीन. बॅटरीवरची यंत्रे आताच घ्यावीत का?

उत्तर – चाकण_रेंटल
अन्न आणि औषध कंपन्यांची गोदामे बॅटरीचेच यंत्र मागतात, पण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज व्हायला साधारण आठ तास लागतात आणि भाड्याच्या यंत्राच्या बॅटरीत पाणी वेळेवर भरले जाईल याची खात्री नसते. लिथियम महाग असली, तरी जेवणाच्या सुट्टीतही थोडी चार्ज करता येते. दोन पाळ्यांचे काम निश्चित असेल तरच ती घ्यावी. करारात महिन्याच्या तासांची मर्यादा, जादा तासांचा दर आणि टायर, फोर्क व बॅटरीच्या नुकसानीची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्यावी.