शब्दचर्चा : फंबल आणि मफ

प्रश्न : अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या समालोचनात ‘फंबल’ आणि ‘मफ’ दोन्ही ऐकू येतात. चेंडू हातातून सुटला एवढंच असेल, तर दोन शब्द कशाला?

उत्तर : क्रिकेट ऐकून तयार झालेल्या कानांची इथे गफलत होते. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला की क्रिकेटचा समालोचक ‘फंबल’ म्हणून मोकळा होतो. फुटबॉलमध्ये तो मफ. चेंडू आधी ताब्यात यायला हवा आणि मग सुटायला हवा, तर फंबल. पंट, म्हणजे लाथ मारून प्रतिस्पर्ध्याकडे दूर धाडलेला चेंडू, झेलताना तो बोटांना लागून निसटला, तर लाथ मारणाऱ्या संघाला तो उचलून आपला करता येतो, पण घेऊन पळता येत नाही. तोच खेळाडू पंट झेलून चार पावलं धावला आणि मग चेंडू सुटला, तर उचलणारा थेट एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा गुण मिळवून देणारा पट्टा, गाठू शकतो.

दुसरे उत्तर : एक भर. कॉलेजात चेंडूवाल्याचा गुडघा किंवा कोपर टेकला की खेळ थांबला, मग तो आपला आपण घसरून का पडेना; त्यानंतर सुटलेला चेंडू फंबल नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श लागतो. म्हणून रिप्लेमध्ये आधी गुडघा टेकला की आधी चेंडू सुटला, यावर सगळा खल.

प्रश्न : आणि मुद्दाम सोडला तर? तोही फंबलच?

उत्तर : पूर्वी हो! पास नाही, लाथ नाही, कोणाच्या हातात दिला नाही आणि तरी ताबा गेला, की फंबल; हेतू कोणी विचारत नसे. 1984 च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नेब्रास्का संघाच्या टर्नर गिलने चेंडू चक्क जमिनीवर ठेवला आणि डीन स्टाइनकूलर या पुढच्या फळीतल्या धिप्पाड गार्डने तो उचलून 19 यार्ड पळत एंड झोन गाठला, म्हणजे टचडाउन केला. सामना मात्र मायामीने 31-30 असा जिंकला. ‘फंबलरूस्की’ नावाच्या या डावावर 1990 च्या दशकात बंदी आली.

चौथ्या डाउनचा, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नाचा, नियमही असाच लबाडी रोखणारा. फंबल करणाऱ्याच्या साथीदाराने चेंडू उचलला तर खेळ तिथेच थांबतो. पुढे जाऊन उचलला असेल, तर चेंडू सुटल्या जागी परत येतो. प्रतिस्पर्धी मात्र खुशाल घेऊन पळू शकतात.

तिसरे उत्तर : सगळ्यात जाचक नियम राहिलाच. पुढे सुटलेला चेंडू मैदानाच्या कडेने बाहेर गेला, तर तो मूळ संघाकडेच राहतो. तोच प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमधून बाहेर गेला, तर टचबॅक : कोणी बोटही न लावता चेंडू बचाव करणाऱ्यांना, 20 यार्डांच्या रेषेवर. मला तरी ही शिक्षा जास्त वाटते.