मदत हवी आहे: जर्मनीत मुलीचं नाव 'शांताल' ठेवावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही श्टुटगार्टला राहतो, मी पुण्याची आणि नवरा फ्रेंच, दिजाँचा. ऑक्टोबरमधे आम्हाला मुलगी होणार आहे आणि तिला माझ्या सासूबाईंचं नाव द्यायची दोघांचीही फार इच्छा आहे, शांताल. त्या गेल्या वर्षी गेल्या. मला फ्रेंच धड येत नव्हतं तेव्हापासून त्यांनी मला सांभाळून घेतलं, दर उन्हाळ्यात जर्दाळूच्या जॅमच्या बरण्या पाठवायच्या, झाकणावर निळ्या शाईत वर्ष आणि खाली त्यांची ती लपेटदार सही. त्यामुळे दुसरं नाव सुचतच नाहीये.

अडचण अशी की जर्मनीत या नावाची पार वाट लावलीये. मधे एक काळ असा होता की इथे केविन, जस्टिन, मँडी, शांताल अशी परदेशी वळणाची नावं खूप ठेवली गेली आणि मग ती कमी शिकलेल्या, गरीब घरांची म्हणून ओळखली जायला लागली, त्यावरून 'शांतालिझमुस' असा टोमणासुद्धा रूढ झालाय. २००९ मधे ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका पाहणीत प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना नावांबद्दल विचारलं होतं, तर शार्लोट, सोफी, मारी ही नावं हुशार आणि गुणी मुलींची वाटतात आणि शांताल, केविन म्हटलं की अभ्यासात मागे, वर्गात त्रास देणारं मूल, असं निघालं. मारी आणि शार्लोटही फ्रेंचच की हो! म्हणजे राग फ्रेंच नावांवर नाही, ती कुठल्या घरात ठेवली जातात त्यावर आहे, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं. त्यात २०१३ साली आलेल्या एका तुफान चाललेल्या कॉमेडी सिनेमात शांताल नावाची ढ मुलगी आहे, ऑफिसच्या कँटीनमधे मी नाव सांगितलं तर एकीने लगेच त्यातला डायलॉग मारला आणि सगळं टेबल हसलं. खूप लागलं मला ते.

खरं तर हे नाव आलंय कुठून बघा. हे मूळचं मुलीचं नाव नव्हेच, बर्गंडीतल्या एका जहागिरीचं नाव. (फ्रेंचमधे गाण्याला 'शाँ' म्हणतात म्हणून गाण्याशी संबंध लावतात पण तो नुसता उच्चाराचा सारखेपणा, मूळ शब्द दगडाचा म्हणतात.) १५७२ मधे दिजाँला जन्मलेली जान-फ्राँस्वाज, म्हणजे आमच्याच गावची, या जहागिरीच्या बॅरनशी लग्न करून आली. नवरा १६०१ मधे शिकारीत गोळी लागून गेला, पदरात चार लहान मुलं. तिने परत लग्न केलं नाही, आणि १६१० मधे आनसीला जोगिणींचा असा संघ काढला की जिथे तब्येतीने नाजूक किंवा वयस्कर बायकांनाही प्रवेश होता, बाकीचे मठ त्यांना घ्यायला तयार नसायचे. १७६७ मधे तिला संतपद मिळालं. पत्रलेखनासाठी प्रसिद्ध असलेली मादाम द सेव्हिन्ये तिची नात. पुढे विसाव्या शतकात तिच्या या आडनावाचं मुलींचं नाव झालं, युद्धानंतरच्या काळात तर घरोघरी, सासूबाई त्याच पिढीतल्या. त्यामुळे फ्रान्समधे आज शांताल म्हणजे आपल्याकडच्या कुंदा, शालिनीसारखं, जुनं वाटतं पण हसत कोणी नाही.

आईला नाव एकदम पसंत आहे, ती आत्तापासून शांताच म्हणते.

आता प्रश्न. जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमधे कोणाच्या मुलीचं, भाचीचं, शेजारणीचं हे नाव आहे का? शाळेत खरंच त्रास होतो, की पोरं दोन दिवस चिडवतात आणि विसरतात? मी 'ईरा शांताल' असं दोन नावांचं बघतेय, मधे आडवी रेघ न टाकता, कारण नोव्हेंबर २०१८ पासून इथे नावांचा क्रम नुसत्या अर्जावर बदलता येतो, म्हणजे मोठी झाल्यावर तिला हवं ते नाव ती पुढे घेईल. पण नवरा म्हणतो आईचं नाव दुसऱ्या नंबरवर लपवायचं असेल तर ठेवायचंच कशाला, आणि मला त्याचंही पटतं. अशी दोन नावं असलेल्या मुलांच्या ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) काही घोळ झाला का तेही सांगा. आणि देवनागरीत शांताल लिहावं की शाँताल? पहिलं अक्षर नाकातून आहे, पण पत्रिकेवर चंद्रबिंदू बघून आजी काय वाचेल देव जाणे.

ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी कृपया लिहा, चांगलं वाईट दोन्ही. जन्म झाल्यावर आठवड्याभरात इथे नोंद करावी लागते, त्याच्या आत आमचं एकमत व्हायला हवं.