पॉवर स्टिअरिंग मध्येच जड होते आणि गाडी बंद-चालू केली की सुरळीत होते

प्रश्न (रंकाळा परिसर)
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची असून तिचे पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते. गेले तीन आठवडे, विशेषतः बिंदू चौकाजवळ गाडी लावताना, स्टिअरिंग एकदम जड होते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत होते. मागच्या रविवारी वैभववाडीहून परतताना करूळ घाटातल्या वळणावर हेच घडले. शेजारी आई होती, आणि ते वळण पूर्ण करताना मला दोन्ही हातांनी अक्षरशः अंग टाकून ओढावे लागले. गॅरेजवाले संपूर्ण स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा दांडा) बदलायला सांगत आहेत. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर (उद्यमनगर)
कॉलमला इतक्यात हात लावू देऊ नका. या प्रकारात तेल नसते, त्यामुळे तेल तपासण्याचा प्रश्नच नाही. सारे काही विजेच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. गाडी जागेवर उभी असताना चाके वळवायला मोटरला सर्वांत जास्त करंट लागतो आणि नेमका त्याच वेळी व्होल्टेज खाली आला, तर कंट्रोल युनिट मदत थांबवते. इंजिन बंद असताना बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.8 ते 14.4 दाखवायला हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणाला तरी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडणारी पट्टी, खराब आहे. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट आतून गंजतो आणि वरून मात्र घट्ट दिसतो.

उत्तर (शाहूपुरी)
वरील सल्ला योग्यच आहे, फक्त बॅटरी सोडवण्यापूर्वी स्कॅनरने स्टिअरिंगच्या बिघाडाचे कोड वाचून घ्या. दिवा विझला तरी कोड बहुधा साठवलेला राहतो, आणि तो कमी व्होल्टेजचा आहे की टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंग किती जोराने वळवले जाते हे मोजणाऱ्या भागाचा), हे कळले तरच कॉलमचा निर्णय घेता येतो. मोटर तापल्यास मदत सहसा हळूहळू कमी होते; तुमच्याकडे ती एका क्षणात गेली, म्हणून मला जोडणीचाच संशय आहे. कारण सापडेपर्यंत कृपया घाटात जाऊ नका.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. कोड कमी व्होल्टेजचाच निघाला. स्टिअरिंग वळवताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते, पण निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये तब्बल 2.6 आले. बॅटरीच्या ट्रेखालचा बोल्ट काढला, तेव्हा पट्टीचे टोक हिरवट-पांढऱ्या थराने झाकलेले होते आणि तीन-चार तारा तुटलेल्या होत्या. नवी पट्टी बसवली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून घेतली आणि वरून ग्रीस लावले. आता तोच आकडा 0.1 आहे. बारा दिवस रोज त्याच पार्किंगमध्ये गाडी लावतो आहे. दिवा एकदाही लागलेला नाही.