पॅडवर बंदी आणि स्पर्धेतली लबाडी: नियम नक्की कशावर घालायचा?

पौडफाटा
नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये हॉल घेऊन दोन दिवसांची व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवायची आहे. आठ सेटअप असतील, म्हणजे आठ कन्सोल: पाच पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) आणि तीन एक्सबॉक्स सिरीज एस (मायक्रोसॉफ्टचा). खेळ तीन: स्ट्रीट फायटर ६ (फायटिंग), ईए एफसी (फुटबॉल) आणि कॉल ऑफ ड्यूटी (गोळीबाराचा, म्हणजे शूटर). पात्रता फेरी ऑनलाइन, पुढचं सगळं हॉलमध्ये. पॅड, म्हणजे हातात धरून खेळायचे कंट्रोलर, ज्याचे त्याने आणायचे.

अडचण अशी. बऱ्याच मुलांकडे तपकीर गल्लीतून घेतलेले स्वस्त पॅड आहेत. त्यातले काही सिरीज एसला लावले की ०एक्स८२डी६०००२ हा एरर येतो आणि अमुक तारखेनंतर हा पॅड चालणार नाही, अशी सूचना दिसते. शिवाय क्रोनस किंवा झिम (पॅड किंवा माउस आणि कन्सोल यांच्या मध्ये लावायच्या लबाडीच्या डब्या) लावून खेळणारे घुसतील ही भीती आहेच. समितीतल्या एकाचं म्हणणं, ‘फक्त अधिकृत पॅड चालतील’ एवढं एक वाक्य नियमावलीत टाका, दोन्ही प्रश्न मिटतात. खरंच मिटतात का? आणि टेबलावर तपासणी कशी करायची? एका खेळाडूमागे चार-पाच मिनिटांच्या वर वेळ देता येणार नाही.

सोल्डरगन
नाही मिटत. त्या एका वाक्यात साधा मुलगा अडकेल आणि लबाडी करणारा सुटेल. का, ते सांगतो.

पॅड लावला की एक्सबॉक्स त्याची ओळख विचारतो. परवानाधारक पॅडमधली चिप त्याचं ठरलेलं उत्तर देते. स्वस्त पॅड आणि अडॅप्टर (दुसऱ्या कन्सोलचा पॅड जोडायची डबी) त्या उत्तराची कशीबशी नक्कल करतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही चाळणी बारीक केली. आधी तुम्ही म्हणता तो एरर, मग दोन आठवड्यांची मुदत, मग पॅड बंद. पहिल्या खेपेतल्या पॅडवर १२ नोव्हेंबर २०२३ ही तारीख दिसत होती. ब्रुकसारख्या अडॅप्टर बनवणाऱ्यांना तेव्हा आपल्याच ग्राहकांना सावध करावं लागलं. सर्वांत जास्त ओरड झाली ती फाइट स्टिकवाल्यांची, म्हणजे पॅडऐवजी मोठा दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर वापरणाऱ्यांची. त्यांच्या हातात महागडी, चांगली स्टिक होती आणि आतला बोर्ड मात्र एक्सबॉक्सच्या यादीत नव्हता.

आता क्रोनस झेन कसा बसतो ते बघा. मूळ, अस्सल पॅड झेनमध्ये लावायचा आणि झेन कन्सोलमध्ये. कन्सोलने ओळख विचारली की झेन तो प्रश्न अस्सल पॅडकडे सरकवतो आणि त्याचं उत्तर परत आणून देतो. कन्सोलच्या दृष्टीने समोर अधिकृत पॅडच आहे. ओळख पटली की मधल्या मध्ये स्क्रिप्ट चालते: गोळीबार सुरू असताना पॅडवरची उजवी स्टिक ठरावीक प्रमाणात खाली ओढून रिकॉइल (बंदुकीचा वर जाणारा झटका) मारणं, एक बटण धरून ठेवलं की रॅपिड फायर, असले प्रकार. म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे त्या मुलाच्या हातात अधिकृत पॅडच असणार!

झिमचं काम वेगळं. तो माउसची हालचाल उजव्या स्टिकच्या आकड्यांत बदलतो. माउस वापरणं ही मुळात लबाडी नाहीच. एक्सबॉक्सवर २०१८ पासून माउस-कीबोर्डला अधिकृत परवानगी आहे, फक्त तो चालू द्यायचा की नाही हे प्रत्येक गेम ठरवते. मेख एम असिस्टमध्ये आहे. स्टिकने नेम धरणं अवघड, म्हणून गेम स्टिकवाल्याला मदत करते. झिमवाला माउसची अचूकताही घेतो आणि स्टिकवाल्याची मदतही लाटतो.

सोनीची तऱ्हा अजून वेगळी. पीएस४ वर परवाना नसलेल्या स्टिकची जोडणी दर ८ मिनिटांनी तुटायची, हे जुन्या फायटिंगवाल्यांना पाठ असेल. पीएस५ वर ड्युअलशॉक ४ (पीएस४ चा पॅड) फक्त पीएस४ च्या गेमना चालतो, पीएस५ च्या गेममध्ये नाही. हे आधीच जाहीर करा, नाहीतर निम्मी मुलं तोच पॅड घेऊन येतील. २०२४ च्या सुरुवातीला पीएस५ च्या एका अपडेटने झेन बंद पाडला होता, पण अशा डब्यांच्या पळवाटाही लगेच निघतात. त्यातली एक रिमोट प्लेची, म्हणजे दुसऱ्या उपकरणावरून नेटवर्कने कन्सोल खेळायच्या सोयीची. म्हणून सगळ्या पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट प्ले इथे जाऊन ते बंद करा. एक्सबॉक्सवर डिव्हाइसेस अँड कनेक्शन्समधलं रिमोट फीचर्स बंद करा.

थोडक्यात, पॅडवरचा शिक्का बघत बसू नका. पॅड ते कन्सोल ही वायर बोटाने शेवटपर्यंत चाचपून बघा.

हाफसर्कल
सोल्डरगन यांचं हार्डवेअरबद्दलचं सगळं मान्य. टेबलावरच्या तपासणीबद्दल सांगतो.

डबा दिसला तर प्रश्नच नाही. झेन म्हणजे हाताच्या मुठीत मावणारी डबी, छोटा स्क्रीन आणि यूएसबीची तोंडं. खरा त्रास पॅडच्या आतल्या टर्बोचा, म्हणजे बटण धरून ठेवलं की ते आपोआप भराभर दाबलं जाण्याच्या सोयीचा. कित्येक स्वस्त पॅडवर टर्बो नावाचं बटण उघडपणे असतं. काहींत ते दोन बटणं एकत्र दाबून सुरू होतं आणि बंद करून पुन्हा लावलं तरी लक्षात ठेवलं जातं. खेळाडूला स्वतःलाही कधीकधी माहीत नसतं.

स्ट्रीट फायटर ६ चा ट्रेनिंग मोड इथे फुकटात तपासनीस होतो. इनपुट हिस्टरी चालू करा. प्रत्येक इनपुटच्या शेजारी ते किती फ्रेम (पडद्यावरची चित्रं) टिकलं याचा आकडा येतो. खेळाडूला एकेक बटण दहा सेकंद नुसतं दाबून धरायला सांगा. एकच लांब नोंद वाढत गेली तर ठीक. बटण धरलेलं असताना नोंदी तुटून खाली खाली सरकायला लागल्या आणि आकडे ३, ३, ३, ३ असे एकसारखे आले तर टर्बो. माणसाने भराभर दाबलं तर ४, ६, ३, ५ असं वेडंवाकडं येतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, एवढ्या बारकाईने सारखं दाबणं कुणाच्या अंगठ्याला जमत नाही.

मग बटणांचे मॅक्रो, म्हणजे एकाच दाबात अनेक बटणं दाबली जाणं. मागच्या पॅडलवर एकच बटण नेमलेलं असेल तर चालू द्या. एका पॅडलवर हिस्टरीत दोन-तीन पायऱ्या उमटल्या तर पॅड बाहेर.

लिव्हरऐवजी बटणंच असलेले कंट्रोलर कुणी आणले तर आणखी एक चाचणी घ्या: डावं आणि उजवं एकदम, वर आणि खाली एकदम. दोन्ही वेळा दिशा शून्य व्हायला हवी. जुन्या फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आतला प्रोग्राम) वर-खाली एकत्र दाबलं की ‘वर’ जिंकतं, ते नको.

आणि वायरलेस अजिबात नको, हे काळ्या दगडावरची रेघ समजा. आधीच्या सामन्यातला पॅड जोडलेलाच राहतो, कुणीतरी बॅगेत टाकताना मधलं बटण दाबतं आणि चालू सामना पॉज होतो. पीएस५ वर सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, कंट्रोलर, कम्युनिकेशन मेथड इथे ‘यूज यूएसबी केबल’ करा. सामना संपल्यावर ड्युअलसेन्सच्या (पीएस५ च्या पॅडच्या) मागच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद दाबली की जोडणी पुसली जाते. घरी गेल्यावर केबलने एकदा पुन्हा जोडावा लागतो, हे त्या मुलाला सांगून ठेवा. एक्सबॉक्सचा पॅड केबल काढून मधलं बटण साताठ सेकंद धरून बंद करायला लावा.

ईए एफसीसाठी यातलं फारसं काही लागत नाही. वायर आणि वायरलेसचा नियम पुरे.

आडवाप्रश्न
एवढी तपासणी म्हणजे कोथरूडच्या हॉलमध्ये विमानतळ उघडणार का? त्यापेक्षा आयोजकांनी स्वतःचेच १६ पॅड ठेवावेत आणि सगळ्यांनी त्यावर खेळावं. विषय संपला.

हाफसर्कल
@आडवाप्रश्न शूटर आणि एफसीला चालेल. फायटिंगला नाही चालणार. स्टिकवर सराव केलेल्याला पॅड देणं म्हणजे त्याला घरी पाठवणं. शिवाय हाताला अपंगत्व असलेला खेळाडू आला तर? मायक्रोसॉफ्टचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून बाजारात आहे. त्याला ३.५ मिमीच्या १९ खोबणी आणि वर दोन यूएसबी. माणूस आपल्या गरजेप्रमाणे पायाचं बटण, मोठी कळ, जे हवं ते जोडतो. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलरही डिसेंबर २०२३ पासून आहे. असा सेटअप टेबलावर दिसायला क्रोनसपेक्षाही संशयास्पद दिसतो, दहा वायरी लोंबत असतात. पंचाला आधी माहीत नसेल तर तो भर हॉलमध्ये त्या मुलाचा अपमान करून मोकळा होईल.

नोंदणी फॉर्ममध्येच एक रकाना ठेवा: वेगळं उपकरण लागणार आहे का, असल्यास फोटो. तपासणी आदल्या दिवशी. एक्सबॉक्सवर दोन पॅड मिळून एका खेळाडूचं काम करण्याची अधिकृत सोयही आहे. ती बाकी सगळ्यांसाठी बंद, आणि अर्ज केलेल्यांनाच खुली.

बिलदाखवा
ज्यांच्या पॅडवर तो एरर येतोय त्यांच्यासाठी. पुन्हा पैसे घालवायच्या आधी वाचा.

खोक्यावर ‘डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स’ हा शिक्का हवा. ‘एक्सबॉक्स कंपॅटिबल’, ‘सपोर्ट्स एक्सबॉक्स’, ‘फॉर पीसी अँड कन्सोल’ या शब्दांना काही अर्थ नाही. शिवाय आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला हवा, वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ते बंधनकारक आहे. हे नसेल तर पुढे कुणाकडे जाणार?

तपकीर गल्लीत दुकानदार ‘चालवून दाखवतो’ म्हणतो आणि खरंच चालतो. पण त्याचा कन्सोल वर्षानुवर्षं नेटला जोडलेलाच नसतो, त्यामुळे जुन्या सिस्टमवर इशारा येतच नाही. आपला अपडेट केलेला कन्सोल तरी घेऊन जा, नाहीतर बिलावर ‘एक्सबॉक्स सिरीज एससाठी’ असं मॉडेल नंबरसकट लिहून घ्या. असं लिहिलेलं बिल हातात असेल तर दुकानदाराशी बोलता येतं, आणि वेळ आली तर ग्राहक आयोगापुढेही. कच्च्या चिठ्ठीवर कुणी बोलू देणार नाही.

इशारा आलेला पॅड फेकू नका. पीसीवर तो बहुतेक वेळा व्यवस्थित चालतो.

पौडफाटा
सगळ्यांचे आभार. ऑनलाइन पात्रता फेरीचं काय करू? तिथे वायर चाचपता येत नाही. हाताचा कॅमेरा लावायला सांगू का?

सोल्डरगन
कॅमेरा लावा, पण त्यावर विसंबू नका. डबी टेबलाखाली जाते, आणि आतून बदल केलेल्या पॅडमध्ये तर दिसायला काही नसतंच.

ऑनलाइन पकडायचं काम गेमवाल्यांचं आहे. ते आता उपकरणाचं नाव विचारत नाहीत, हाताची चाल बघतात. कॉल ऑफ ड्यूटी काढणाऱ्या ॲक्टिव्हिजनच्या रिकोशे या लबाडी पकडणाऱ्या यंत्रणेने २०२३ मध्ये अशी उपकरणं ओळखायला सुरुवात केली: आधी इशारा, मग बंदी. यूबीसॉफ्टचा रेनबो सिक्स सीजमधला माउसट्रॅप त्याच वर्षी आला. तो हाकलून देत नाही. माउसवाल्याच्या इनपुटमध्ये हळूहळू विलंब मिसळत जातो, नेम लागेनासा होतो. डबी काढली तरी पुढचे काही सामने तो विलंब राहतो. मला हा इलाज बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. चुकून एखादा साधा खेळाडू सापडला तरी त्याचं खातं जात नाही.

तुम्हाला मात्र त्यातला डेटा मिळणार नाही. म्हणून कॉल ऑफ ड्यूटीच्या ऑनलाइन फेरीवर कुणालाही बाद करू नका. तिचा उपयोग फक्त क्रमवारी लावायला. निकाल हॉलमध्ये, तुमच्या पॅडवर, तुमच्या केबलवर. शूटरसाठी पॅड आयोजकांचे, फायटिंगसाठी स्वतःचे तपासलेले, एवढं वेगळं करा. ऑनलाइन पहिला आलेला हॉलमध्ये पहिल्या फेरीत पडला म्हणून त्याला लबाड ठरवू नका. घरचा मॉनिटर, घरची खुर्ची यानेही फरक पडतो. किलकॅम (मेल्यावर दिसणारं, मारणाऱ्याच्या बाजूचं चित्रण) बघून आरोप करणाऱ्यांना तर दारातच थांबवा. त्यात रिकॉइल जसं दिसतं, तसंच खेळणाऱ्याला दिसतं असं नाही.

पौडफाटा
मग नियम असा लिहितो: ‘पॅड थेट कन्सोलला, केबलनेच. मध्ये कोणतंही उपकरण नाही. टर्बो आणि मॅक्रो बंद. शूटरसाठी आयोजकांचे पॅड. गरजेमुळे वेगळं उपकरण लागत असल्यास नोंदणीच्या वेळी कळवावे. आक्षेप सामना सुरू होण्यापूर्वी किंवा संपताक्षणी, पंचांकडेच.’ आणि कन्सोलची मागची यूएसबी तोंडं चिकटपट्टीने बंद करतो.

हाफसर्कल
नियम झकास. चिकटपट्टी मात्र लावण्याआधी कन्सोल बघा. सिरीज एसला पुढे एकच यूएसबी आहे, मागे दोन. दोन खेळाडू केबलवर म्हणजे एक केबल मागे जाणारच. जुन्या पीएस५ ला पुढे एक रुंद आणि एक यूएसबी-सी तोंड. नव्या स्लिमला पुढे दोन्ही सी, त्यामुळे ड्युअलसेन्सबरोबर येणारी केबल पुढे बसतच नाही.

सेटअपप्रमाणे केबलची यादी करा. ३ मीटर लांबीच्या, डेटा चालणाऱ्याच घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर पॅडचा दिवा लागतो आणि इनपुट मात्र जात नाही, मग मुलं पॅड खराब म्हणून वाद घालत बसतात. १६ लागतील, २० ठेवा. जुन्या एक्सबॉक्स वन पॅडसाठी त्यातल्या तीन-चार मायक्रो यूएसबीच्या.