20 लाखांत नवीन राइड: जुना कोलंबस, बॅटरीच्या स्ट्रायकिंग कार की आणखी काही?

बागवाला_मिरज
मिरजेच्या पुढे पंढरपूर रोडला छोटं गार्डन-पार्क आहे. सध्या ड्रॅगन ट्रेन, मेरी-गो-राउंड, झुकझुक गाडी आणि साधे झोपाळे-घसरगुंड्या. प्रवेश 50 रुपये, राइडचं तिकीट वेगळं. रविवारी साधारण 600 माणूस, इतर दिवशी 40-50. दिवाळीनंतर शाळांच्या सहली येतात, सीझनला 40 एक बस. तेच तेच बघून लोक कंटाळलेत, म्हणून यंदा एक नवीन राइड टाकायची आहे. बजेट सगळं मिळून 20 लाख. समोर तीन पर्याय आहेत:

1) 24 सीटचा जुना कोलंबस (मागे-पुढे झुलणारं जहाज), 9 लाख, जागेवरून उचलायचा
2) बॅटरीवरच्या 8 स्ट्रायकिंग कार (एकमेकींवर आदळवायच्या छोट्या गाड्या), नव्या, साडेनऊ लाख
3) मेकॅनिकल बुल (हिसके देणारा यांत्रिक बैल), सगळ्यात स्वस्त

जमीन काळी आहे, थ्री फेज कनेक्शन आहे. जाणकारांनी सांगावं.

वहीखातं
किमतीआधी ताशी किती माणूस बसतो ते मांडा.

कोलंबस: फेरी 3 मिनिटं, चढ-उतार आणि सीटवरचे अडवणारे बार तपासणं 4 मिनिटं. तासाला 8 फेऱ्या, कागदावर 192 माणूस. प्रत्येक फेरी भरत नाही, त्यामुळे 115-120 धरा.
स्ट्रायकिंग कार: 4 मिनिटं फेरी, 2 मिनिटं बदल. तासाला 10 फेऱ्या, 80 गाड्या. तिकीट गाडीमागे लावा, माणसामागे नको. आई-मूल एकत्र बसतात, भांडण होत नाही.
बुल: एका वेळी एकच. तासाला 25-30 च्या वर जात नाही. भोवती बघ्यांची गर्दी भरपूर, गल्ल्यात काही नाही.

आता वसुली. पावसाळा वगळून 38 रविवार धरा. रविवारी 200 जण नवीन राइडला बसले तर 7,600, सहलीची 2,000 मुलं, एकूण 9,600 तिकिटं. 50 रुपयांतून 18 टक्के जीएसटी गेला की हातात 42.37 उरतात. म्हणजे वर्षाला 4 लाखांच्या आसपास. त्यातून दोन ऑपरेटरचे पगार, वीज-डिझेल, ग्रीस, विमा. उरलेल्या पैशांतून बसवायच्या खर्चासकट 13-14 लाखांची राइड कधी फिटायची?

म्हणून सुट्ट्या तिकिटावर नवीन राइड घेऊच नका. प्रवेश 50 चा 90 करा आणि नवीन राइडची एक फेरी त्यातच द्या. 600 माणूस, 38 रविवार, वरचे 40 रुपये: 9 लाख 12 हजार, जीएसटी वजा जाता 7 लाख 70 हजारांच्या वर. गर्दी थोडी घटली तरी पहिल्या हिशोबापेक्षा बरंच. पण मग राइड अशी हवी की प्रवेश भरणाऱ्या बहुतेकांना बसता येईल. कोलंबसला उंचीची अट असते, पहिली ते चौथीच्या सहलीतली बरीच मुलं खालीच उभी राहतात आणि बाई तुमच्याकडे पैसे परत मागतात. माझं मत कारच्या बाजूने.

बागवाला_मिरज
प्रवेश आणि राइड एकत्र, अशा कॉम्बोचा विचार केलाच नव्हता. पण कोलंबस रस्त्यावरून दिसतो, गाड्या थांबतात, हा फायदा नाही का? आणि 9 लाखांत मिळतोय म्हणून मोह होतोय.

फिटर_इचलकरंजी
दिसतो हे खरं. पण 9 लाख फक्त लोखंडाचे. उतरवणं, ट्रेलर, क्रेन, फाउंडेशन, केबल, पॅनेल, रंग, कुंपण हे सगळं वर. काळ्या मातीत तर फाउंडेशनच रडवतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर नुसता काँक्रीटचा ठोकळा ओतला तर एक पाय उचलतो. जहाज मग एका अंगाला घासत चालतं आणि बेअरिंग जातं. मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत माती काढायची, मुरूम थराथराने दाबून भरायचा, त्यावर आरसीसी. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच. फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेटला (भोकांच्या साच्याला) बांधून ओता, नाहीतर बेसप्लेटची भोकं जुळत नाहीत आणि मग गॅसने भोक वाढवायचा उद्योग सुरू होतो. तो अजिबात करू देऊ नका.

जुना घ्यायचाच असेल तर जागेवर जाऊन हे बघा:

जहाजाचे हात वर शाफ्टच्या पाइपला जिथे वेल्ड झालेत तिथला रंग खरवडून डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. लाल रंगाचं पातळ द्रव लावतात, पुसतात, वर पांढरा डेव्हलपर मारतात. चीर असली की लाल रेघ उमटते. मालक रंग खरवडू देत नसेल तर तिथूनच माघारी फिरा. ताजा रंग आणि वेल्डवर लांबी (पुट्टी) भरलेली दिसली तरी तेच.

पायांचे पाइप जमिनीलगत हातोडीने वाजवा. आतून गंजलेला पाइप बद्द वाजतो. खात्रीसाठी अल्ट्रासॉनिकने जाडी मोजून घ्या.

बेअरिंगचा नंबर लिहून आणा. यूसीपी 212 सारखा चालू नंबर असेल तर सांगलीतही मिळेल. नावच खोडलेलं असेल तर पुढे त्रास.

रिकामं अर्धा तास चालवायला लावा, मग वाळूची पोती भरून. माणशी 75 किलो, 24 सीट, म्हणजे 1,800 किलो: 50 किलोची 36 पोती. एकदा एकाच टोकाला भरूनही चालवा, कारण सहलीची मुलं सगळी मागच्या टोकालाच पळतात. प्रत्येक सीटचा बार लॉक करून जोरात वर ओढा. एकही सुटला तर स्प्रिंग आणि पिना सगळ्याच बदलायच्या.

खालच्या ड्राइव्हच्या टायरकडे कोणी बघत नाही. जहाज त्याच टायरच्या घर्षणावर झुलतं आणि बहुतेक जुन्या मॉडेलमध्ये थांबतंही त्याच्यावरच. टायर किंवा जहाजाची खालची पट्टी ओली असली की पकड जाते. पाऊस आला की राइड बंद, आणि पुसून कोरडं केल्याशिवाय चालू नाही. टायरमधली हवा रोज मोजायची.

ड्रॉइंग, मॅन्युअल, लॉगबुक नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. तपासणीला आलेला माणूस पहिलं तेच मागतो.

वहीखातं
फिटर म्हणतात ते सगळं धरलं तर 9 चे 15 सहज होतात.

सोलापुरी_गार्डन
कारबद्दल थोडं. बॅटरीच्या कारला जाळीचं छत किंवा करंटची फरशी लागत नाही, पण छप्पर लागतंच. गाडीमागे 200 चौरस फूट धरा, 8 गाड्यांना 40 बाय 40. खाली ट्रिमिक्स काँक्रीट (जादा पाणी ओढून घट्ट केलेलं), गुळगुळीत आणि लेव्हलमध्ये. एका कोपऱ्याला उतार राहिला तर सगळ्या गाड्या तिथेच जाऊन अडकतात. कडेला रबर बंपर.

गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. एक गेली तरी जोडीच बदला, नवी-जुनी एकत्र लावली की नवीही लवकर मरते. चार्जिंग उघड्या हवेशीर जागी. लेड ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बंद खोलीत ठिणगी पडली तर स्फोट. 8 घेतल्यात तर फेरीला 7 च काढा, एक चार्जिंग-दुरुस्तीत राहणारच. कोटेशनमध्येच 2 कंट्रोलर, 2 चार्जर, 4 ॲक्सिलरेटर पेडल आणि चाकांचा एक सेट जास्तीचा लिहून घ्या. नंतर मागितलं की भाव वेगळा.

उरलेल्या पैशांत रेन डान्स करा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी 1 ते 4 कोणी राइडकडे फिरकत नाही, तेव्हा हाच चालतो. फरशी खडबडीत, 100 ला 1 उतार, पाणी गाळून परत टाकीत. 10,000 लिटरला 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) क्लोरीन म्हणजे 20 ग्रॅम. 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर 60 ग्रॅम. उन्हात क्लोरीन उडतं, म्हणून टेस्ट किटने दर दोन तासांनी बघा. पंपाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. डीजेचे स्पीकर पाण्याच्या टप्प्याबाहेर.

बागवाला_मिरज
म्हणजे कार आणि रेन डान्स. मुलांसाठी हवेचा बाउन्सी (हवा भरलेला, आत उड्या मारायचा) पण कोणीतरी सुचवलाय, एप्रिल-मेपुरता. तो?

फिटर_इचलकरंजी
चालेल, पण मे महिन्यातला वळीव ध्यानात ठेवा. वारा ताशी 38 किलोमीटरच्या वर गेला की मुलं उतरवून हवा काढायची, हा युरोपीय मानकाचा नियम आहे आणि आपल्याकडेही तोच पाळा. वारा मोजायचं छोटं मीटर गेटवरच्या माणसाच्या हातात द्या. अँकर कमीत कमी 6, आणि जितकी कडी दिली आहेत तितक्या सगळ्यांना खुंटी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत खुंटी धरत नाही. तिथे काँक्रीटचे ब्लॉक, एका कडीला किमान 163 किलो. वाळूच्या चार गोण्या टाकून भागत नाही. लाइट गेली की ब्लोअर बंद पडून छत मुलांवर बसतं, तेव्हा जनरेटर आणि बाजूला सतत एक माणूस.

वहीखातं
ॲडव्हान्स द्यायच्या आधी पोलीस परवाना, सार्वजनिक बांधकामच्या यांत्रिकी विभागाची तपासणी, विद्युत निरीक्षक या तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन काय कागद लागतात ते विचारून या. कारखानदाराकडून आयएस 15475 (राइडच्या सुरक्षेचं भारतीय मानक) प्रमाणे बांधणी केल्याचं लेखी घ्या, पब्लिक लायबिलिटी विमा (लोकांना इजा झाली तर भरपाईचा) त्याच आधारावर बोला. आणि घाई नसेल तर मुंबईत गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात दरवर्षी आयएएपीआयचं (अम्युझमेंट पार्कवाल्यांच्या संघटनेचं) प्रदर्शन भरतं, तिथे कारवाले शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाचं कोटेशन दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलं की भाव आपोआप खाली येतो. शेवटचे 10 टक्के मात्र गाड्या महिनाभर चालल्यावरच सोडा.