इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या संग्रहालयात आप्पांना नेऊ का?

राधानगरीकर:
नमस्कार. मी रेडिंगला राहते. पुढच्या महिन्यात आई-आप्पा तीन आठवड्यांसाठी येताहेत. आप्पा शेतकरी, वय 71. मागच्या खेपेला लंडनमधले राजवाडे, पूल, आकाशपाळणा सगळं दाखवलं. सगळीकडे ते 'छान आहे' म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. दोन वर्षांपूर्वी भावाने गावचं जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हापासून ते जरा गप्पच असतात. ऑफिसमधल्या एकीने चिचेस्टरजवळच्या सिंगल्टनचं वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय सुचवलंय. जुनी खेड्यातली घरं उचलून आणून तिथे मांडली आहेत म्हणे. आपल्या कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातल्या गावासारखं आहे का? आप्पांचे गुडघे दुखतात, जमेल का? आणि मुळात त्यांना ते आवडेल का, हेच कळत नाही.

साधा_प्रवासी:
आम्ही गेलो होतो. गाडी नसेल तर ट्रेनने चिचेस्टर आणि तिथून मिडहर्स्टकडे जाणारी 60 नंबरची बस, ती सिंगल्टनला थांबते. जागा टेकडीच्या उतारावर आहे, चाळीस एकर, आणि वाटा खडीच्या. काठी घ्या, घाई करू नका. सगळं बघायचा हट्ट धरलात तर गुडघे बोलतील. उघड्यावर आहे, पावसाचा अंदाज आणि उघडण्याच्या वेळा दोन्ही बघून निघा.

भीमाकाठ:
राधानगरीकर, न्या. नक्की न्या. मी चारदा गेले आहे आणि पहिल्या खेपेला तिथल्या एका घरात उभी राहून रडले आहे, म्हणून जरा लांबड लावते.

कणेरीसारखं नाही. कणेरीला जुनं गाव सिमेंटच्या पुतळ्यांमधून उभं केलंय आणि ते फार मनापासून केलंय. इथे मात्र बहुतेक घरंच खरी आहेत. जिथे ती पाडली जाणार होती तिथून एकेक लाकूड उतरवून आणलं आणि पुन्हा जोडलं. रॉय आर्मस्ट्राँग नावाच्या गृहस्थांनी क्रॉली शहर नव्याने वाढवताना जुनी लाकडी घरं पडताना पाहिली आणि त्यातून हे सुरू झालं. 1970 पासून लोक तिथे जाताहेत. आज पन्नासहून जास्त इमारती आहेत: कोठारं, बाजाराची चावडी, पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी.

पण तुम्ही आधी 'बेलीफ' (Bayleaf) नावाच्या घरात जा. केंटमधल्या चिडिंगस्टोन गावचं, पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. मधल्या दालनाला माळा नाही, मान वर केली की थेट छप्पर. चूल जमिनीवर, बरोबर मधोमध. धुराडं नाही, धूर वरच्या लाकडांतून वाट काढत छपरातून बाहेर जायचा. खिडक्यांना काच नाही, लाकडी गज आणि आतून फळ्या. आमच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, सवणं असायचं, त्यातून धूर जायचा आणि उजेड यायचा. चुलीपाशी उभं राहून मी वर पाहिलं आणि आजीच्या स्वयंपाकघरातलं सवणं आठवलं, जे मी स्वतः कधी पाहिलेलंच नाही. फक्त ऐकलंय.

पाहिलं नाही कारण त्या घराची जागा पाण्याखाली आहे. आणि हे सगळ्यात आत लागलं: बेलीफही पाण्यामुळेच हललं. बाऊ बीच नावाचा पाणीपुरवठ्याचा तलाव होणार होता, ते खोरं बुडणार होतं. 1960 च्या दशकाच्या शेवटी हे घर उतरवलं. त्याच सुमाराला, 1969 मध्ये, आमच्याकडे उजनी धरणाचं काम सुरू झालं. आमचं गाव पळसदेवच्या बाजूचं, भीमेच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्या घराचं काहीच वर येत नाही.

घर सात खणांचं होतं (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा). गाव उठवायची वेळ आली तेव्हा आजोबांनी माळवद उकललं. पांढरी माती खाली ओढली, तरवडाचा पाला, लाकडाच्या पट्ट्यांचं किलचन, मग त्याखालची आडवी सरं, मग तुळया. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे. आजोबांनी प्रत्येक तुळईवर आणि खांबावर गेरूने खुणा केल्या, म्हणजे नव्या गावठाणात तशीच जोडता येतील. बैलगाडीच्या कितीतरी खेपा झाल्या. लाकडं उघड्यावर रचली आणि पाऊस आला. गेरू धुऊन गेला. कोणती तुळई कोणत्या खांबावरची हे कुणालाच सांगता येईना. शेवटी दोन खणांचं छप्पर झालं आणि उरलेलं लाकूड विकलं.

आता त्या संग्रहालयातल्या लाकडी घरांच्या सांध्यांकडे नीट बघा. खांबाच्या भोकात तुळईचं कुसू बसवलेलं, आरपार लाकडी खुंटी ठोकलेली, खिळा नाही. आणि सांध्याशेजारी सुताराने कोरलेले रोमन आकडे. अंगणात घराचा सांगाडा आधी जुळवून बघायचे, खुणा कोरायचे, मग उभा करायचे. चारशे-पाचशे वर्षांनी उतरवतानाही त्या खुणा वाचता येतात. मी त्या चिरांतून बोट फिरवत राहिले. आजोबांनी गेरूऐवजी लाकूड कोरायची पटाशी घेतली असती तर, एवढंच डोक्यात.

भिंती बघून आप्पा नक्की बोलतील. ओकच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती, गवत, शेण. हा सरळसरळ कूड. तुमच्याकडे कारवीच्या काठ्यांचा असतो, त्यांच्याकडे त्यांच्या झाडांचा. शेण म्हटल्यावर तिथे कुणी नाक मुरडत नाही. प्रत्येक घरात माहिती सांगणारे लोक असतात, बरेचसे स्वयंसेवक. मी मातीत शेण का घालतात ते आमच्या पद्धतीने सांगितलं तर एक आजोबा वही काढून लिहायला लागले. तुम्ही आप्पांचं बोलणं भाषांतर करून सांगा. ते पाहुणे म्हणून जाणार नाहीत, जाणकार म्हणून जातील.

आणि तुम्हीही वही न्या. आप्पांना बेलीफच्या बाकावर बसवा आणि आपल्या पाडलेल्या घराचा नकाशा काढून मागा. सोपा कुठे, माजघर कुठे, देवळी कोणत्या भिंतीत, उतरंड कुठे होती. मी बाबांकडून हे फोनवर करून घेतलं, तीन रविवार लागले. समोर बसून केलं असतं तर आणखी मिळालं असतं.

चेन्नईचा_पाहुणा:
भीमाकाठ, वाचताना गलबलून आलं. भारतात असलेल्यांसाठी: चेन्नईहून खाली किनाऱ्याच्या रस्त्याने मुट्टुकाडूला दक्षिणचित्र आहे, 1996 पासून. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्रातली जुनी घरं, बरीचशी अशीच उतरवून आणून, उभी केली आहेत. त्यात इलकलच्या विणकराचं घर आहे. माझी आजी जन्मभर तिथली साडी, म्हणजे इरकल, नेसली, त्या घरात आईला हलवणं अवघड झालं. मंगळवारी बंद असतं.

राधानगरीकर:
जाऊन आलो. पाच तास होतो आणि आप्पा एकदाही 'आता निघूया' म्हणाले नाहीत. भिंतीला हात लावून म्हणाले, 'लिंपण जाड झालंय, पण चांगलं बसलंय.' एका खांबाचा खालचा कुजलेला भाग कापून नवं लाकूड सांधलेलं होतं, जुनं काळपट आणि नवं पिवळसर. ते लपवलेलं नव्हतं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. दहा मिनिटं तिथेच उभे. मग वहीत नकाशा काढला, आईने दोनदा चूक दुरुस्त केली. आणि गाडीत बसल्यावर सांगितलं की जुन्या घराची पुढच्या दाराची चौकट टाकलेली नाही, गोठ्याला टेकवून ठेवली आहे. मला हे माहीतच नव्हतं. भावाला फोन केला, आहे अजून. सागवानी आहे. काय करू?

भीमाकाठ:
आधी गोठ्यातून हलवायला सांगा, आजच. ओल आणि वाळवी दोन्ही तिथेच असतात. सावलीत, छपराखाली, जमिनीपासून विटांवर, भिंतीपासून वीतभर सुटी, आडवी ठेवून मध्ये पट्ट्या द्या म्हणजे हवा खेळेल. रंग किंवा वॉर्निश लगेच मारू नका. त्या संग्रहालयातच टिंडल्स नावाची झोपडी आहे, तीही एका तलावासाठी 1974 मध्ये उतरवलेली. तिची लाकडं जवळपास चाळीस वर्षं ठेवून होती आणि मग उभी राहिली, त्यामुळे घाई नाही. उंबरा चौकटीबरोबर आहे का ते भावाला विचारा. आणि सुटे तुकडे असतील तर प्रत्येकावर पटाशीने खूण कोरून घ्या, खडूने नको.