आंब्याच्या मोसमात येणारे खोटे ‘पैसे जमा’ संदेश कसे ओळखावेत?

प्रश्न : बागायतदार, देवगड

सप्रेम नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे आणि दलालाकडे माल न पाठवता आम्ही मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या विकतो. जाहिरातीत बाबांचाच मोबाईल क्रमांक दिलेला असल्यामुळे मोसमात त्यांना अनोळखी फोन सतत येतात. परवा एका गृहस्थांनी दोन पेट्या सांगितल्या आणि थोड्याच वेळात ‘आपल्या खात्यात रु. 50,000 जमा झाले आहेत’ असा संदेश आला. पाठोपाठ त्यांचा फोन आला की पाच हजार पाठवताना एक शून्य जास्त पडले, आई दवाखान्यात आहे, तेव्हा वरचे पंचेचाळीस हजार लगेच परत करा. बाबा पैसे पाठवायला बसलेच होते, तेवढ्यात मी घरी पोहोचलो. खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता. याच आठवड्यात ‘मागील बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असाही संदेश आला. धंदा असल्यामुळे अनोळखी फोन घेऊ नका, असे बाबांना सांगता येत नाही. मग त्यांना नेमके काय शिकवावे?

उत्तर 1 : निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी

संदेश म्हणजे पैसे नव्हेत, हे बाबांच्या मनावर आधी ठसवा. तो मजकूर कोणीही आपल्या मोबाईलवर टाईप करून पाठवू शकतो. रक्कम खरोखर आली की नाही, हे बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकातल्या शिल्लक रकमेवरूनच ठरवावे आणि तोपर्यंत पेटी गाडीत चढवू नये.

तो संदेश पुन्हा उघडून पाहा. बहुधा तो साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला असेल आणि बँकेचे जुने संदेश जिथे एकाखाली एक साठलेले असतात, तिथे तो दिसणार नाही. बँका व सरकारी कार्यालये यांचे संदेश नोंदणीकृत अक्षरी नावाने येतात. मे 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही असते : व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी आणि सरकारी संदेशासाठी जी. मात्र केवळ नाव बरोबर दिसते म्हणून विसंबू नये. शिल्लक पाहणे कधीही टाळू नये.

समजा, कोणाचे पैसे खरोखरच चुकून आले, तरी ते आपण परस्पर परत करायचे नसतात. ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक रीतसर परत करील,’ एवढेच सांगावे. प्रामाणिक माणूस हे ऐकतो. दवाखान्याचे कारण सांगून घाई करणारा मात्र पुन्हा पुन्हा फोन करत राहतो. आपली कोकणातली माणसे दुसऱ्याचा पैसा घरात ठेवायला संकोचतात आणि हे लोक नेमका त्याच सचोटीचा फायदा घेतात, याची मला फार चीड येते. आणखी एक गोष्ट : पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.

उत्तर 2 : निवास-न्याहारी व्यावसायिक, मालवण

विजेच्या संदेशाविषयी लिहितो. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, त्यामुळे ‘आज रात्री’ ही धमकीच त्या संदेशाचा खोटेपणा सांगते. त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. शंका असल्यास ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या 1912 वर विचारावे. असे संदेश ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत कळवता येतात.

बागायतदार, देवगड :

दोघांचेही आभार. आमच्या वाडीतल्या एका काकांनी गाडीच्या दंडाच्या नावाने आलेली फाईल मोबाईलवर उघडली आहे. त्यांनी आता काय करावे?

उत्तर 3 : निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी

हे आधी करा, बाकीचे नंतर. त्या फाईलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असेल, तर ते ॲप आहे आणि परवानगी मिळाली असल्यास ते काकांना येणारे ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवू शकते. त्यांच्या मोबाईलचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवा आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. कणकवलीच्या शाखेत सकाळी जाऊ, असे म्हणून रात्र घालवू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्याच अंगावर पडते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. पिन आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. ते संदेश पुसू नका, आधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि मगच मोबाईल कोरा करून घ्या.

बाबांसाठी एक वेगळे सिमकार्ड घ्या. पेट्यांच्या जाहिरातीत तोच क्रमांक द्या आणि तो कोणत्याही बँक खात्याला जोडू नका.